चॅपलसाठी ऑर्गन: शेहेचाळीस स्टॉप की दोन चांगले स्पीकर?

वाचकाचं पत्र

इंदूरच्या एका मिशन शाळेत मी संगीत शिकवते. माझं शिक्षण पेटी आणि गायनाचं. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येतं, पण पायांनी सूर वाजवायचा ऑर्गन कधी हाताळलेला नाही. शाळेचं चॅपल 60 फूट लांब, 30 फूट रुंद आणि 20 फूट उंच आहे. दगडी फरशी, चुन्याचा गिलावा, लाकडी बाकं, मागे छोटी गॅलरी. रिकाम्या चॅपलमध्ये टाळी वाजवली तर तीन सेकंद घुमते. सकाळच्या प्रार्थनेला दोनशे मुलं असतात, गायनवृंद पुढे बसतो. डिजिटल ऑर्गनसाठी ट्रस्टने 14 लाख मंजूर केले आहेत आणि समोर चार पर्याय आहेत: मुंबईच्या विक्रेत्याकडचा तीन मॅन्युअलचा (हातांच्या पट्ट्यांच्या तीन रांगा), 46 स्टॉपचा (तेवढे वेगवेगळे आवाज निवडायच्या खुंट्या) नवा ऑर्गन साडेतेरा लाखांना (स्पीकर आतलेच), त्याच कंपनीचा दोन मॅन्युअलचा, 30 स्टॉपचा साडेनऊ लाखांना, दुसऱ्या गावचा 22 वर्षं जुना तीन मॅन्युअलचा तीन लाखांना, आणि एक माजी विद्यार्थी कॉम्प्युटरवर पाइप ऑर्गनचं सॉफ्टवेअर बसवून देतो म्हणतो. समितीचा कल पहिल्याकडे आहे. चॅपलमध्ये जुनी पायपेटीही आहे, तिचा भाता फुटलाय. ती भंगारात द्यावी का?

उत्तर

नमस्कार ताई,

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. दोन मॅन्युअलचा नवा ऑर्गन घ्या आणि उरलेले साडेचार लाख बाहेरचे स्पीकर, वीज आणि आवाजाची जुळणी यांवर घाला. समितीला हा पर्याय छोटा वाटेल. पण चॅपलमध्ये मुलांच्या कानावर काय पडतं ते पाहिलं, तर दोन्हींत मोठा तोच ठरेल.

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकाच्या पिटातला ऑर्गन येतो: पायाने भाता मारायचा, पितळी सुरांचा. त्यात पाय हवा पुरवतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये पाय खर्ज वाजवतात. तिथे पायांखाली 30 किंवा 32 पट्ट्यांची वेगळी पेडलची पेटी असते. 30 वाली खालच्या पांढऱ्या एकपासून तिसऱ्या सप्तकातल्या पांढऱ्या चारपर्यंत जाते, 32 वाली पांढऱ्या पाचपर्यंत. वर हातांसाठी 61 पट्ट्यांची प्रत्येक रांग, म्हणजे मॅन्युअल. कोणी विक्रेता तुम्हाला साधा अरेंजर कीबोर्ड दाखवून ‘यात ऑर्गनचेही आवाज आहेत’ म्हणाला तर पुढे बोलूच नका. त्यातला बहुतेक आवाज हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनच्या वळणाचा, फिरत्या स्पीकरचा असतो. सिनेसंगीतात तो शोभतो, दोनशे मुलांच्या गाण्याला आधार देत नाही.

स्टॉपची भाषा तुम्हाला एका वाक्यात कळेल, कारण पेटीत ती आधीच आहे. पेटीतला नर म्हणजे 8 फुटी स्टॉप, खर्ज म्हणजे 16 फुटी, मादी म्हणजे 4 फुटी. 2 फुटी त्याच्याही वरचं सप्तक. हे फूट सर्वांत खालच्या पट्टीच्या पाइपच्या लांबीवरून आले. 2⅔ फुटी स्टॉप दाबलेल्या स्वराचा वरच्या सप्तकातला पंचम वाजवतो, आणि मिक्स्चर अशा बारीक, चढ्या सुरांचा जुडगा एकदम देतो. कपलरही पेटीसारखाच, फक्त इथे तो एका मॅन्युअलचे स्टॉप दुसऱ्यावर किंवा पेडलवर आणतो.

आता हिशेब करा. प्रार्थनेला मुलं गातात तेव्हा लागतात एक चांगला ओपन डायपेसन 8 (ऑर्गनचा मुख्य, भरदार सूर), एक बंद तोंडाची बासरी 8, प्रिन्सिपल 4, फिफ्टींथ 2, एक मिक्स्चर, आणि सणाच्या दिवशी ट्रम्पेट 8. दुसऱ्या मॅन्युअलवर, ज्याचा आवाज उजव्या पायाच्या वेगळ्या पेडलने लहानमोठा होतो, हळुवार तारवाद्यांचे दोन, एक ओबो, 4 आणि 2 फुटी बासऱ्या. पायांत बूर्दों 16 (मऊ, खोल खर्ज), 8 फुटी एक-दोन, आणि एखादा ट्रॉम्बोन 16. चौदा-पंधरावर गाडी थांबली. तिसाव्या स्टॉपनंतर येणारे बरेचसे आधीच्यांचेच चुलत भाऊ असतात. ते एकल वादनाच्या मैफलीसाठी आहेत. तिसऱ्या मॅन्युअलचंही तसंच. शाळेतली मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ऑर्गन परीक्षांना बसणार असतील तर दोन मॅन्युअल आणि पूर्ण पेडल एवढं पुरतं.

पैसे खरे लागतात खोलीला. तुमच्या पत्रातला टाळीचा तपशील सोन्यासारखा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. चॅपलचं घनफळ 36,000 घनफूट, म्हणजे सुमारे हजार घनमीटर. घुमण्याचा काळ काढायचं साबिनचं सूत्र असं: घनफळाला 0.161 ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने, म्हणजे भिंती, फरशी, माणसं आवाज किती गिळतात त्याने, भागायचं. तीन सेकंद घुमते म्हणजे रिकाम्या चॅपलचं शोषण सुमारे 55 चौरस मीटर. त्यात दोनशे मुलं बसली की दरडोई साधारण 0.35 धरून आणखी 70 वाढतात. घुमणं उतरतं सव्वा सेकंदाच्या आसपास. हेच चॅपल, हाच ऑर्गन, पण निम्म्याहून कमी घुमणं. आणि कपडे वरचे सूर जास्त पितात, त्यामुळे रिकाम्या खोलीत टोचणारं मिक्स्चर भरल्या खोलीत मवाळ होतं, तर कमी ताकदीचा खर्ज मुलांच्या गाण्यात पार बुडतो.

बिघडतं ते इथेच. तंत्रज्ञ शनिवारी दुपारी येतो, रिकाम्या चॅपलमध्ये कान देऊन स्टॉप जुळवतो, सगळे वाहवा करतात. सोमवारी मुलं बसली की ऑर्गन डब्यात कोंडल्यासारखा वाटतो. मग वाजवणारा आवाज वाढवतो, मुलं आणखी ओरडतात. म्हणून जुळणीचा शेवटचा हात मुलं बसलेली असताना व्हायला हवा, निदान एक प्रार्थना आणि नंतरची वीस मिनिटं. करारात तसं लिहून घ्या. ऑर्गनमधला कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने घातलेलं घुमणं, रिकाम्या चॅपलमध्ये पूर्ण बंद ठेवा, भरल्यावर थोडाच द्या. कॅथेड्रलचा पाच सेकंदांचा रिव्हर्ब लावला तर मुलांना ताल सापडत नाही.

आतले स्पीकर कुठे असतात ते विक्रेत्याच्या दुकानात खाली वाकून पाहा. बहुतेक वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी. तिथला आवाज पहिल्या बाकावरच्या मुलांच्या पोटऱ्यांत मुरतो आणि साठ फुटांवर फक्त घुमणं पोचतं. घरच्या दिवाणखान्यासाठी ती रचना ठीक. तुम्हाला हवेत दोन पूर्ण पल्ल्याचे 12 इंची स्पीकर आणि 15 इंची एक सबवूफर, जो 30 हर्ट्झपर्यंत उतरतो. कारण 16 फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा सूर 32.7 हर्ट्झ आहे. 40 ला हात टेकणारा सबवूफर घेतला तर पेडलचे खालचे तीनचार सूर वाजतात असं फक्त वाटतं. ऑर्डर देण्याआधी विचारा: मागे किती ऑडिओ आउटपुट आहेत, सबवूफरचं वेगळं आहे का, आणि बाहेरचे स्पीकर जोडल्यावर आतले बंद करता येतात का. शाळेच्या सभांच्या माइक-स्पीकरला ऑर्गन जोडायचा मोह टाळा. ते कॉलम माणसाच्या आवाजासाठी असतात, शंभर हर्ट्झच्या खाली त्यांना दम नसतो, आणि प्राचार्यांचा माइक चालू राहिला तर शिट्टी वाजेल ती वेगळीच.

स्पीकर गॅलरीत ठेवायला अनेकजण सुचवतील, कारण मागून येणारा आवाज मुलांना उचलतो. बरोबर आहे. पण वाजवणारा पुढे आणि स्पीकर 55 फूट मागे असेल तर त्याला स्वतःचा सूर सेकंदाचा विसावा भाग उशिरा ऐकू येतो. हात आपोआप मंदावतात, मुलं मागे रेंगाळतात, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गाणं लोळत जातं. तुमचा गायनवृंद पुढे बसतो, म्हणून ऑर्गनही पुढे डाव्या बाजूला आणि स्पीकर पुढच्याच दोन कोपऱ्यांत ठेवा. उंची 13-14 फूट, तोंड समोरच्या भिंतीच्या वरच्या भागाकडे, मुलांच्या डोक्यांकडे नाही. ही उंची उगाच सांगत नाही. तुमच्या 20 फुटी छतावरून लांब दांड्यांचे पंखे बहुधा नऊ-दहा फुटांवर लोंबत असतील. स्पीकर आणि कान यांच्यामध्ये फिरतं पातं आलं की प्रत्येक लांब सूर थरथरतो. मे महिन्यात सगळे पंखे पाचवर असताना हे पाहायला विसरू नका, कारण विक्रेता जानेवारीत येणार.

सबवूफर जमिनीवर, कोपऱ्यापासून दीड-दोन फूट सोडून. अगदी कोपऱ्यात ढकलला तर काही सूर फुगतात, शेजारचे बसतात. मग फक्त बूर्दों 16 लावून पेडलच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून चार-चार सेकंद दाबा आणि कोणाला तरी चॅपलभर फिरवा. खिडकीची काच, तसबीर, ट्यूबलाइटची पट्टी, कपाटाचं दार: काही ना काही खडखडेलच. ते आधी बांधा, मग उरलेले फुगणारे सूर तंत्रज्ञाकडून एकेक करून खाली आणून घ्या. प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा जुळवता येत असेल तोच ऑर्गन घ्या. दोन कंपन्यांत तुलना करताना हा प्रश्न 46 आणि 30 च्या फरकापेक्षा महत्त्वाचा.

विजेचं. सॉकेटवर मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि गरज पडल्यास ऑर्गनसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करा. ऑर्गन, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच फेजवर, एकाच बोर्डातून घ्या. वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतले की 50 हर्ट्झची घूं सुरू होते आणि सगळे ऑर्गनला दोष देतात. शाळेचा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर याला चालत नाही. 2 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घ्या. जनरेटर सुरू होण्याच्या झटक्यापासून तो वाचवतो, आणि दहा मिनिटं टिकला तरी चालू गाणं पुरं होतं. स्पीकरच्या तारा विजेच्या तारांपासून फूटभर दूर, वेगळ्या पाइपातून. चालू करताना आधी ऑर्गन, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. क्रम चुकला की धप्प असा आवाज येतो, आणि असे धक्के वूफर फाडतात. हा क्रम कागदावर लिहून स्विचशेजारी चिकटवा, कारण बंद करणारा शेवटी शिपाईच असतो.

मुंबईत ऐकायला जाल तेव्हा आधी रिव्हर्ब शून्य करायला सांगा. मग डायपेसन 8 एकटा लावून मधल्या सप्तकातली एक पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा. ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये छोटा तुकडा फिरून फिरून वाजत असेल तर ठरावीक अंतराने लाट येते, ती पकडा. पट्टी सोडल्यावरचा आवाज कातरीने कापल्यासारखा तुटतो का ऐका. शेजारच्या बारा पट्ट्या एकेक वाजवा. सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या असतील तर एकच नमुना ताणून वापरलाय. काही कंपन्या नमुने न घेता पाइपमधल्या हवेचं गणित चालवून आवाज तयार करतात. व्हिस्काउंटचं फिसिस हे त्यातलं नाव. त्यात तुकडा फिरत नाही. तरी कोणतं तंत्र चांगलं यावर वाद घालू नका, कानाला पटेल ते घ्या. शेवटी दहा बोटं, दोन पाय, सगळे स्टॉप. एकेक ओळ वेगळी कळते की गोंगाट होतो? सोबत मुलांच्या दोन ओळी रेकॉर्ड करून न्या आणि त्यांच्याबरोबर वाजवून पाहा.

जुना तीन मॅन्युअलचा नको. अमेरिकेतल्या ॲलन कंपनीने 1971 मध्ये पहिला डिजिटल चर्च ऑर्गन आणला, तेव्हापासून या वाद्यांचं दुखणं एकच: लाकूड टिकतं, चिपा टिकत नाहीत. 22 वर्षांत कपॅसिटर फुगतात, बोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते, स्पीकरची फोमची कड हाताला लागली की भुगा होते. कंपनीच्या खास चिपा मिळत नाहीत. तरीही समिती हटून बसली तर जाऊन तिन्ही मॅन्युअलच्या 183 आणि पेडलच्या 32, अशा 215 पट्ट्या एकेक वाजवा आणि सर्किटचा नकाशा हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

माजी विद्यार्थ्याचा प्रस्ताव मनापासून आहे आणि ऐकायला सुंदरही वाटेल. हॉप्टवर्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या पाइप ऑर्गनचे एकेक पाइप मुद्रित केलेले असतात. पण त्याला भरपूर रॅम लागते, चालू व्हायला मिनिटं जातात, आणि प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी विंडोज स्वतःचं काही अपडेट काढून बसलं तर मुलगा बेंगळुरूत आणि तुम्ही इथे. मुख्य वाद्य म्हणून नको. त्याला नाराजही करू नका: ऑर्गनला मिडी (कॉम्प्युटरशी जोडायची सोय) असेलच याची खात्री करा आणि ग्रँडऑर्ग हे फुकट सॉफ्टवेअर सरावाच्या खोलीत लावायला सांगा.

कोटेशन ‘चॅपलमध्ये बसवून, रुपयांत, सगळं धरून’ असं मागा: जहाजभाडं, सीमाशुल्क, जीएसटी, विमा, मुंबईहून वाहतूक, बाकासकट उतरवणं, जुळणीच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी बसवताना, दुसरी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. दहा टक्के रक्कम दुसऱ्या फेरीपर्यंत रोखा. एक जादा पॉवर सप्लाय बोर्ड आणि पट्ट्यांचे काही जादा कॉन्टॅक्ट सुरुवातीलाच विकत घ्या. नाताळात वाजवायचा असेल तर ऑर्डर जूनच्या आतच द्या. मागणीवर बनून समुद्रमार्गे येणाऱ्या वस्तूला महिने लागतात. दाराची रुंदीही मोजून कळवा. पेडल काढून कन्सोल, म्हणजे ऑर्गनचा मुख्य सांगाडा, आडवा जातो, पण गॅलरीच्या वळणाच्या जिन्यात अडकतो.

तुमच्या हातांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच अडेल. पेटीवाल्याचा डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर असतो, म्हणून ऑर्गनवर तो पहिले दोन महिने नुसता लोंबतो. आधी डाव्या हाताने फक्त खर्जाची ओळ वाजवा, मग तीच पायांवर न्या. एक गोष्ट मात्र पियानोवाल्यांपेक्षा तुम्हाला सोपी जाईल: सूर पट्टी सोडेपर्यंत टिकतो हे तुमच्या बोटांना ठाऊक आहे. भात्याच्या दाबाने जे करता ते इथे उजव्या पायाच्या एक्स्प्रेशन पेडलवर येतं, पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही. लिहिलेल्या पट्टीत गाणं मुलांना चढं जात असेल तर ट्रान्सपोझचं बटण आहे. भजन मुलं काळी चारमध्ये आरामात गातात, तर तिथे न्या. फक्त गाणं संपल्यावर बटण शून्यावर आणायची सवय लावा. शिकणाऱ्या मुलांसाठी उंची बदलणारं बाक हवं, आणि पातळ चामडी तळाचे जोडे, कारण शाळेचे रबरी बूट पेडलवर अडकतात. पाय पोचत नसतील त्या मुलांना वर्षभर मॅन्युअलवरच राहू द्या.

इंदुरात दमटपणा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चॅपलला कुलूप. त्या काळातही आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ऑर्गन चालू ठेवायला कोणाला तरी नेमा. आतली ऊब कॉन्टॅक्ट कोरडे ठेवते. वर सुती चादर टाका. प्लास्टिकने ओल आतच राहते. मागची भिंत पावसात ओलावत असेल तर सहा इंच जागा सोडा. सर्वांत मोठा शत्रू मात्र उंदीर. पेडलच्या खाली त्याला अंधार, ऊब आणि मुलांनी सांडलेले बिस्किटांचे कण मिळतात. तारा जिथून आत जातात ती भोकं लोखंडी जाळीने बुजवा आणि पेडल महिन्यातून एकदा उचलून खालून झाडा.

पायपेटी भंगारात देऊ नका. एकही पट्टी न दाबता पायाने हवा भरा आणि पाय काढा. भाता दोन-तीन सेकंदांत बसत असेल तर कापड फाटलंय किंवा सांधे सुटलेत. दोन्ही दुरुस्त होतं, आणि पेटी दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते करू शकतो. मुका सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो, पितळी पट्टीखाली कण अडकलेला असतो. कागदाची पातळ पट्टी अलगद खालून फिरवली की बोलू लागतो. मुलांच्या छोट्या प्रार्थनेला आणि वीज गेलेल्या सकाळी ती उपयोगी पडेल. दोन्ही एकत्र वाजवणार असाल तर आधी ट्यूनरवर तिची पट्टी पाहा. जुन्या पायपेट्या 440 हर्ट्झच्या आजच्या मापावर असतीलच असं नाही. तिचे सूर घासत बसू नका, ऑर्गनचं ट्यूनिंग तिच्याशी जुळवा. तेवढी सोय त्यात असते.